ही माती वाळवायची नसते

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, वनविभागाच्या मुख्य अधिकारी बाई. मंचावर मधोमध बसलेले, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे आज इस्त्रीचे कपडे घालून आलो आहोत ते आपले संचालक सर. त्यांच्या डाव्या हाताला बसलेले उपसंचालक. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी. रस्ते विभागाकडून आवर्जून आलेले पाहुणे. प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीला टेकून उभी असलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी त्यांना म्हटलं, एकतीस वर्षं पाच मिनिटांत कशी बसवू? ते म्हणाले, "ताई, चाळून घ्या." नवीन मंडळींना हा विनोद कळला नसेल म्हणून सांगते. मी इथली तंत्रज्ञ. जंगलातून मातीचे नमुने येतात, ते मी तोलते, भिजवते, चाळते आणि आकडा लिहिते. त्यावरून माझं नाव चाळणीताई पडलं. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचून कोणी हाक मारली तर मी वळूनही बघत नाही.

आधी चांगलं बोलते. चांगलं बोलण्यासाठीच मला उभं केलंय. आणि सरांबद्दल चांगलं बोलायला मला खोटं बोलावं लागत नाही, हीच माझी पंचाईत आहे.

मी इथे लागले ती बाटल्या धुवायला. बारावी झाले होते, पुढचं शिक्षण वडील गेल्यामुळे राहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सर बेसिनपाशी आले. तेव्हा ते संचालक नव्हते, नुकतेच शिकून परतलेले, केस डोळ्यांवर येणारे शास्त्रज्ञ होते. वहिनी, तुम्ही हसताय, पण होते केस. माझ्या हातात काचेचं भांडं होतं. सर म्हणाले, "ते ठेव. हात पूस आणि हा डबा उचल."

डबा काळ्या मातीने काठोकाठ भरलेला होता. मी जोर लावून उचलला आणि माझा हात एकदम खांद्यापर्यंत वर गेला. दिसायला पाच किलोचा डबा, वजन निम्मंही नव्हतं. मला वाटलं, खाली कापूस घालून वर माती पसरलीय आणि नवीन मुलीची फिरकी घेतायत. सर म्हणाले, "आता चिमूटभर घे आणि अंगठ्याखाली दाब." दाबली. घट्ट होती. "आता चोळ." चोळली, आणि ती बोटांत साबणासारखी सरकली आणि पाणी सुटलं. "कुठून आलं पाणी?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, माझेच हात ओले असतील." ते म्हणाले, "हात तू आत्ता पुसलेस. पाणी तिच्या पोटात होतं."

बाटल्या धुणाऱ्या मुलीला कोण असं शिकवतं? माझ्या ओळखीत तरी दुसरं कोणी नाही. त्या दिवसापासून मी सरांना मानलं. मानलं म्हणजे, मला थोरला भाऊ नव्हता, तो मिळाला असं मी घरी आईला सांगितलं होतं.

त्या मातीबद्दल थोडं सांगावं लागेल. पाहुण्यांनी दोन मिनिटं सोसावं. आपल्या डोंगरांवर फार पूर्वी ज्वालामुखीची राख पडली. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती बारीक काच असते. वाऱ्यावर आली आणि डोंगरावर बसली. तिच्यावर जंगल उगवलं. पानं गळायची, कुजायची, पाऊस झिरपायचा, आणि शेकडो वर्षांत त्या काचेचा एक मऊ, जेलीसारखा पदार्थ झाला. इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला सापडत नाही. हा पदार्थ कुजलेला पाला घट्ट धरून ठेवतो, म्हणून वरचा थर कोळशासारखा काळा. पाणीही धरतो, आपल्या वजनापेक्षा जास्त धरतो. रोपांना घातलेलं खतसुद्धा धरून बसतो आणि रोपांना देत नाही. आमचे मामा म्हणायचे, "ही माती माझ्या सासऱ्यासारखी. गेलेलं परत येत नाही."

मामा म्हणजे आमचे खड्डे खणणारे मामा. नात्याने कोणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे. मातीचा नमुना घ्यायचा तर आधी पुरुषभर खोल खड्डा लागतो, आणि त्याची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ लागते. तशी भिंत मामांशिवाय कोणाला जमत नसे. खड्डा झाला की सर आत उतरायचे. वर काळा थर, खाली पिवळट तपकिरी, मग बोटभर करडी राख, आणि तिच्याखाली पुन्हा काळा. सर त्या खालच्या काळ्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे आधीचं जंगल. याच्यावर पुन्हा राख पडली आणि त्यावर हे आपल्या डोक्यावरचं जंगल उगवलं." मग मामांना वर काढायला हात द्यावा लागे, कारण सर उतरायचे उत्साहात आणि चढताना पाय सापडत नसत. असे आम्ही तिघं वीसेक वर्षं डोंगर हिंडलो. भाकरी एका फडक्यात बांधलेली असायची आणि कोणाची कुठली हे विचारत नव्हतो.

त्याच वर्षांत सरांनी मला एक नियम शिकवला. सगळ्या जगात मातीचा नमुना आला की तो आधी वाळवतात, कुटतात, चाळतात आणि मग तपासतात. पुस्तकात तसंच असतं, रस्तेवाल्यांच्या फॉर्मवरही तसंच असतं. ही माती मात्र वाळवायची नसते. वाळली की तिच्यातली जेली आकसते, तिचे टणक कण होतात, वाळूसारखे. मग आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवा, ती पूर्वीसारखी होत नाही. ओली असताना शंभर ग्रॅम मातीमागे शंभर ग्रॅमच्या वर पाणी धरणारी माती, एकदा वाळवली की चाळीस-पंचेचाळीसवर थांबते. कागदावर अगदी गुणी दिसते. जणू निचरा होणारी भुसभुशीत रेती. सरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून ओव्हनच्या वर लावली होती, डोंगराची माती ओलीच तपासावी. आमच्या कामात यापेक्षा मोठी चूक नाही. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ती चूकच नव्हे, तिथे तो पहिला नियम असतो.

आता उपसंचालकांनी आत्ताच सांगितलेल्या किश्श्याकडे येते. "आमच्या चाळणीताईंनी एकदा अख्खा डोंगर ओव्हनमध्ये भाजला होता, तरी सरांनी त्यांना पोटाशी धरलं." तुम्ही सगळे हसलात. उपसंचालक, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्हाला जसं सांगितलं गेलं तसं तुम्ही सांगितलंत. मीही हसले. चार वर्षं मी या किश्श्याला हसतेय. पण आज इथे खुर्चीवर बसून हसताना माझं तोंड दुखलं, आणि मी हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. त्या कागदावर छान भाषण होतं. त्याच्याखाली पर्समध्ये एक पाकीट होतं, ते मी घेऊन उभी राहिले. ते आज तुमच्या केबिनमध्ये ठेवून घरी जाईन असं ठरवलं होतं, अध्यक्ष बाई. इथे बोलेन असं नव्हतं ठरवलं.

सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत. दिसलं मला. बसा तुम्ही.

पाच वर्षांपूर्वी जंगलातल्या रस्त्यासाठी उताराची तपासणी आली. सतरा जागांचे सतरा ट्रे. रस्त्याच्या फॉर्मवर पाण्याचा आकडा साठच्या वर गेला तर उतार कापता येत नाही. मी पहिला ट्रे ओला तपासला, आकडा आला एकशे बावीस. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सरांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "या खेपेला वाळवून घे. सगळे."

मी म्हटलं, "सर, ही माती वाळवायची नसते."

ते म्हणाले, "ते मला सांगतेस? फॉर्ममध्ये वाळलेल्या मातीचाच रकाना आहे. फॉर्म मी नाही छापला."

मी म्हटलं, "मग शेरा लिहू का, की वाळवल्यामुळे आकडा कमी आलाय?"

"शेऱ्याला जागा नाही," सर म्हणाले. "तू वाळव, बाकीचं मी बघतो."

मी वाळवले. सतराच्या सतरा. ओव्हनचं दार मी माझ्या हाताने लावलं आणि त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी होती. हे मी लपवत नाही. सांगितलं त्यांनी, केलं मी. हा हॉल, जिथे आपण बसलोय, तो त्याच वर्षी मंजूर झाला. त्यात काही संबंध असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तेवढंच मी सांगणार.

पुढचा पावसाळा संपता संपता पाच आणि सहा नंबरच्या जागेखालचा डोंगर सरकला. नवा कापलेला रस्ता, त्यावरची कामगारांची शेड, सगळं दरीत. शेडमध्ये दुपारी दोघं जण जेवायला बसले होते. त्यातला एक मामांचा धाकटा भाऊ होता.

चौकशी लागली. आणि चौकशीच्या आदल्या रविवारी सर माझ्या घरी आले. एकतीस वर्षांत ते माझ्या घरी दोनदा आले. एकदा आईला झटका आला तेव्हा, स्वतःच्या गाडीत डॉक्टर घालून आणला होता, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि दुसऱ्यांदा हे. मी मटार सोलत होते. सर स्टुलावर बसले आणि दोन-चार शेंगा त्यांनीही सोलल्या. मग म्हणाले, "एक निवेदन लिहून आणलंय. तुझ्याकडून दोन ट्रे नजरचुकीने ओव्हनमध्ये राहिले, पाच आणि सहा. बाकीचे नियमाप्रमाणे झाले."

मी म्हटलं, "सर, सतरा वाळवले. तुम्ही सांगितलंत म्हणून."

ते म्हणाले, "मला माहीत आहे ना. तुला आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे. तू तंत्रज्ञ आहेस, तुला समज देतील आणि सोडतील. माझ्यावर आलं तर हे केंद्र बंद होईल. चाळीस माणसं आहेत तिथे. थोरला भाऊ म्हणतेस ना मला? मग एवढं कर."

हे वाक्य त्यांना कुठून मिळालं, मला आजही कळलेलं नाही. मी ते फक्त आईजवळ बोलले होते. आईनेच डॉक्टरच्या वेळी कौतुकाने सांगितलं असेल.

मी सही केली. सर चहा न घेता गेले. आतल्या खोलीत आई पडून होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "ज्याच्या घशाखाली आपल्या घरचा चहा उतरत नाही, त्याचं काम आपल्या भल्याचं नसतं." मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला काय कळतं प्रयोगशाळेतलं. पुढच्या वर्षी ती गेली, आणि तिचं बरोबर होतं हे तिला सांगायचं राहून गेलं.

चौकशीत काय झालं? समज दिली आणि सोडलं, तिथे सर शब्दाला जागले. फक्त अहवालात एक वाक्य होतं. ओव्हनवर स्पष्ट सूचना लावलेली असूनही तंत्रज्ञांनी दुर्लक्ष केलं. त्या पाटीचा फोटोही जोडला होता, सरांच्या हस्ताक्षरासह. मला शिकवण्यासाठी लिहिलेली पाटी माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून लागली. ते वाचताना मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, असेल, चौकशीवाल्यांनीच काढला असेल फोटो, सरांना ठाऊकही नसेल. माणूस ज्याला मानतो त्याची वकिली फुकटात करतो.

मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ते रस्त्याने समोरून आले की पलीकडच्या बाजूला जायचे. काय म्हणणार त्यांना? कागदावर त्यांच्या भावाला मी मारलं होतं, नजरचुकीने.

हेही मी गिळलं असतं. खरंच सांगते, गिळलंच होतं. पण दोन वर्षांपूर्वी नव्या मुलांचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र कोणाला लावता येत नव्हतं म्हणून मला बोलावलं. मी वायर जोडून मागच्या खुर्चीवर बसले. सरांनी ओव्हनचं चित्र लावलं आणि किस्सा सांगायला घेतला. "आमच्याकडे एक बाई आहेत, हाताने अतिशय चांगल्या, पण डोकं ओव्हनमध्ये विसरतात." मुलं हसली. सरही हसले. मी सरांचं तोंड पाहत होते. मला वाटलं, आता त्यांची नजर माझ्याकडे वळेल आणि ते थोडे तरी अडखळतील. नजर वळली. ते अडखळले नाहीत. उलट मान हलवली, जणू म्हणतायत, आठवतं ना काय करून ठेवलं होतंस?

त्या क्षणी मला कळलं की सर खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं. त्यानंतर त्यांचं पुस्तक आलं, त्यात चौथ्या प्रकरणात चौकटीत तोच किस्सा आहे, तंत्रज्ञाची चूक या मथळ्याखाली. पुस्तकाची एक प्रत मला भेट मिळाली. आत लिहिलंय, माझ्या विश्वासू सहकाऱ्यास.

मला फसवल्यासारखं वाटलं. नाही, सारखं कशाला म्हणायचं, फसवलंच. मी त्यांच्यासाठी एक खोटं उचललं होतं, ओझं म्हणून. त्यांनी ते माझ्या नावावर करून टाकलं आणि स्वतः मोकळे झाले. निदान आम्हा दोघांना तरी खरं माहीत आहे, एवढ्यावर मी उभी होते. आता ते मला एकटीलाच माहीत होतं.

वहिनी, तुम्ही पाणी प्या. मला माहीत आहे, आजच्या दिवशी हे ऐकायला तुम्ही आला नव्हता. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही.

तरी मी आज हे बोलले नसते. माझ्या मनाला काय लागलं हा चारचौघांत मांडायचा विषय नाही, आणि सर निवृत्त होतायत, आपणही गप्प बसावं, झाकली मूठ राहू द्यावी, असंच मी ठरवलं होतं. मग दोन महिन्यांपूर्वी वरच्या टप्प्याचा नकाशा लेबलं लावायला माझ्याकडे आला. रस्ता पुढे न्यायचाय, बारा ते सतरा नंबरच्या जागांवरून. तुम्ही विचाराल, त्यासाठी नवीन तपासणी केली का? नाही केली. कशाला करायची? जुने आकडे आहेत ना. चौकशीनेच म्हटलंय, फक्त पाच आणि सहा चुकले, बाकीचे नियमाप्रमाणे. आणि हे चौकशीला कोणी सांगितलं? मी सांगितलं. माझी सही आहे.

बारा ते सतराच्या खाली वनकामगारांची नवी वस्ती आहे. अडतीस घरं. मी मोजली, कारण मी तिथे जाऊन आले. मामा तिथेच राहतात.

मी सकाळी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "मामा, दोन नव्हे, सतरा वाळवले होते. सरांनी सांगितलं म्हणून. मी खोट्यावर सही केली." आत त्यांच्या भावाची बायको भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला. मामा म्हणाले, "चार वर्षं लागली होय तुला, दीड कोस चालायला?" मग त्यांनी कुदळ उचलली आणि विचारलं, "किती खड्डे?"

इथे सगळ्यांना वाटलं मी आठ दिवस रजा घेऊन भाचीकडे गेले. भाचीला मी फोनसुद्धा केला नव्हता. मामा आता सत्तरीच्या घरात आहेत, मला गुडघे आहेत म्हणण्यापेक्षा गुडघ्यांना मी आहे. रोज एकच खड्डा झाला. पण भिंत तशीच सरळ, बघत राहावी अशी. सहा जागा, सहा खड्डे. नमुने डब्यांत भरले, झाकणं मेणाने बंद केली, ओलेच आणले आणि ओलेच तपासले. प्रत्येक आकडा दोनदा घेतला, कारण माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही.

बारा नंबर, एकशे अठरा. तेरा, एकशे एकतीस. चौदा, एकशे सव्वीस. पंधरा, एकशे चाळीस. सोळा, एकशे नऊ. सतरा, एकशे पस्तीस. फॉर्मची मर्यादा साठ आहे.

अध्यक्ष बाई, वरच्या टप्प्याच्या कागदावर तुमची सही सोमवारी व्हायची आहे, असं मी ऐकलं. तुम्हाला या मातीतलं कळत नाही असं तुम्ही भाषणात म्हणालात, तो तुमचा मोठेपणा. पण हे कळायला शास्त्र लागत नाही. ही माती पाण्याने भरलेली आहे आणि जंगलाची मुळं आहेत तोवर जागेवर उभी आहे. उताराचा पाय कापलात तर खाली बसेल. या पाकिटात सहाही आकडे आहेत, खड्ड्यांच्या जागा आहेत, आणि माझं पहिलं निवेदन खोटं होतं असं मी सहीनिशी लिहिलंय. मामांचा अंगठा साक्षीदार म्हणून आहे. उरलेली माती डब्यांत आहे, दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. फक्त वाळवू नका म्हणून सांगा. हे पाकीट मी आत्ता तुमच्या समोर ठेवते. यानंतर माझं काय करायचं ते करा, समज द्या नाहीतर घरी बसवा. नोकरीची काही वर्षं राहिलीत माझी, ती गेली तरी जेवायला मिळेल. अडतीस घरांचं तसं नाही.

रस्ते विभागाच्या पाहुण्यांनो, उठू नका, संपतच आलंय. चहा बाहेर आहे, तो कोणी पळवत नाही.

आणि सर. तुमच्याकडे बघून बोलायचं मी टाळत होते, ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी रडायला लागले असते. तुम्ही मला जे दिलंत ते मी नाकारत नाही. हाताला माती लागली की ती काय बोलते हे मला तुमच्यामुळे कळतं. म्हणून तर जास्त लागलं. परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही भावाच्या नात्यावर माझी सही घेतलीत आणि मग ते नातं किश्श्यात घातलंत. मला तुमच्याकडून माफी नको आहे. माझ्यासाठी ती चौकट पुस्तकातून काढा, असंही म्हणत नाही. पण माझा एकटीचा शब्द उद्या कोणीही उडवून लावेल. म्हणतील, बाईचं डोकं पुन्हा ओव्हनमध्ये राहिलं. तुम्ही बोललात तर कोणी उडवणार नाही. त्या डोंगरात सहा ठिकाणी तुम्ही स्वतः उतरला आहात, स्वतःच्या हाताने ती माती चोळून पाहिली आहे. ती सरकते की नाही, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर सत्काराला उत्तर द्यायला तुम्हीच उठणार आहात. भाषण तुमचं तुम्ही करा, वहिनींचे आभार माना, आमचे माना. त्याआधी बाईंना फक्त एवढं सांगा की सतरा ट्रे वाळवले होते. एवढं एकच वाक्य.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. पाच मिनिटांची वीस केली, त्याबद्दल सूत्रसंचालकांनी पोटात घालावं. आनंदाच्या कार्यक्रमात मी मिठाचा खडा टाकला, वहिनींचा दिवस खराब केला, त्याची मनापासून क्षमा मागते. कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादा शब्द तिखट गेला असेल, तर लहानपणी नीट वळण लागलं नाही असं समजा. जे आकडे वाचले त्यांची मात्र क्षमा मागणार नाही, ते बरोबर आहेत.

माईक चालू ठेवते, सर. या.